भिंगरीची दुसरी बाटली

मित्रांनो, सुधाकर सरांना आलेल्या एका पत्राला पुष्कळ दिवस उत्तर गेलं नाही. निळं अंतर्देशीय पत्र होतं. सरांनी ते एकदा उभ्याने वाचलं, एकदा खुर्चीत बसून वाचलं, नीट घडी घातली आणि मला उचलून माझ्या बुडाखाली ठेवून दिलं. डोळ्यांसमोर नको, पण हरवायलाही नको, अशी सोय. पत्रातला मुख्य प्रश्न एकच होता : ‘सर, दुसऱ्या बाटलीत नेमकं काय होतं?’

उत्तर मला ठाऊक होतं. त्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं. पण मी पडलो थर्मास.

आता मी बुऱ्हाणपुरापासून फार लांब, दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेच्या कपाटात उभा असतो. माझा हिरवा पत्रा जागोजागी चेपला आहे, झाकणाचा रंग उडाला आहे. शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला येतात, मोठमोठ्या यंत्रांपुढे गप्प होतात आणि माझ्यापाशी आल्यावर हसून विचारतात, “हा इथे कशाला?” त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे सांगायला बसलो आहे. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आयुष्याचा बराच काळ पुस्तकांशेजारी गेला, त्यामुळे ऐकायचीच सवय जास्त. सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझं पोट म्हणजे काचेची दोन भांडी, एकात एक बसवलेली. दोन्हींच्या मधली हवा काढून घेतलेली आणि काचेला आरशासारखा चकचकीत मुलामा. त्यामुळे आतली ऊब बाहेर जात नाही आणि बाहेरची आत येत नाही. हे सगळ्याच थर्मासांचं असतं. माझं वेगळेपण म्हणा किंवा व्यंग म्हणा, ते तोंडात आहे. माझं तोंड रुंद आहे. चहाच्या थर्मासचं तोंड बारीक असतं, धार नीट कपात पडते. मी बर्फ नेण्यासाठी बनलो होतो, आणि हे मला घेणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

घेणारे होते सुधाकर सर. साल छप्पन. नवी राज्यं नुकतीच झाली होती. काल-परवापर्यंत नागपूर ही बुऱ्हाणपूरचीही राजधानी होती. आता बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर, अकोला मुंबई राज्यात गेलं. लग्नपत्रिका त्याच घरांना जात होत्या, फक्त पाकिटावर राज्याचं नाव बदललं होतं. सर तेव्हा बावीस वर्षांचे, शाळेत विज्ञान शिकवायला लागलेले. वर्गात अर्धी मुलं मराठी बोलत, अर्धी हिंदी, आणि नवीन पुस्तकं कुठल्या भाषेत येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. सर एक वाक्य दोन्ही भाषांत मनात जुळवून बघत, आणि तोवर तास संपल्याची घंटा होई.

पहिल्या पगारातून ते थर्मास घ्यायला चौकातल्या दुकानात आले. दुकानदाराने मला पुढे केलं. “मास्टरजी, एकदम नया माल है.” माझं तोंड रुंद आहे हे सरांना दिसलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. पण ‘दुसरा दाखवा’ असं म्हणणं त्यांना जमलं नाही. मला काखेत मारून ते घरी आले.

पुढे लग्न होऊन निर्मलाबाई घरात आल्या. पाहुण्यांसमोर त्यांनी पहिल्यांदा माझ्यातून चहा ओतला तेव्हा थोडा कपात गेला, बाकीचा बशीत, टेबलावर आणि पाहुण्यांच्या धोतरावर.

“अहो, हा थर्मास चहा देत नाही, आंघोळ घालतो!” त्या म्हणाल्या.

“दुकानदार चांगला माणूस होता,” सर हळूच म्हणाले.

मग माझी बदली वाचनालयात झाली. सर संध्याकाळी तिथे वाचत बसत आणि मी त्यांच्या कोपराशी प्यायच्या पाण्याचं काम करत असे. पाणी सांडलं तरी कुणी रागावत नाही. सर वाचताना ओठ हलवतात, पुटपुटतात, त्यामुळे मलाही वाचल्यासारखंच झालं. अशाच एका संध्याकाळी, एका इंग्रजी विज्ञानमासिकात त्यांना ती गोष्ट सापडली. परदेशात कुणीतरी उंदरांना ‘खुणेचं पाणी’ देऊन, ते जगायला किती शक्ती खर्च करतात ते मोजलं होतं. उंदराला पेटीत कोंडायचं नाही, तोंडाला नळी लावायची नाही. त्याला त्याच्या मर्जीने हिंडू द्यायचं. सरांनी तो लेख इतक्या वेळा वाचला की वाचनालयाच्या शिपायाने विचारलं, “सर, तेच पान चालू आहे अजून?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ते सांगितलं. सगळी मुलं हसली. “सर, पानी को निशान? पाण्यावर रंगानं लिहायचं का?” एक मुलगी मात्र हसली नाही. कोकिळा तिचं नाव. तिने तास संपल्यावर दारात गाठून विचारलं, “सर, आणि तो उंदीर पुढे दुसरं पाणी प्यायला तर?” सरांना इतका आनंद झाला की उत्तर देताना ते चुकून खडूचा तुकडा खिशात घालून घरी आले.

वर्षं गेली. माझ्या पोटातली काच एकदा फुटली, ती बदलली. नंतर घरात फ्रिज आला आणि मी माळ्यावर गेलो. सर निवृत्त झाले. एका दुपारी खाली चाललेलं बोलणं मला वरून ऐकू आलं.

“पस्तीस वर्षं शिकवलंत,” निर्मलाबाई म्हणत होत्या. “आता तरी समाधानाने बसा की.”

“शिकवलं कुठे? दुसऱ्यांनी केलेले प्रयोग वाचून दाखवले,” सर म्हणाले. “या हातांनी नवीन असं एक तरी मोजलं का मी, निर्मला? एक तरी?”

मित्रांनो, मला चांगलं समजलं. मीही बर्फासाठी जन्मलो आणि एकदाही बर्फ पाहिला नव्हता.

आणि नेमकं पुढच्याच पावसाळ्यानंतर कोकिळाचं टपाल आलं. ती मुलगी आता दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाली होती. तिने लिहिलं होतं की निमाड, खानदेशाकडच्या बुटक्या तांबड्या गायी कडबा आणि केळीचे खांब खाऊन कशा तग धरतात, त्यांचा रोजचा खर्च किती, हे मोजायचं आहे. सगळे तक्ते मोठ्या गायींचे आहेत, या गायींचा एकही नाही. खुणेचं पाणी फार महाग, एका गायीपुरतंच मिळालं आहे. काम गावात राहून निगुतीने करणारं, नमुने गार ठेवून पाठवणारं माणूस हवं. ‘ही गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती, सर. तुम्ही कराल का?’

“मला नाही जमायचं,” सर म्हणाले.

“बरं. नाही म्हणून कळवा मग,” निर्मलाबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून मला माळ्यावरून खाली काढायला लागल्या.

खुणेचं पाणी म्हणजे काय, ते सरांनी मला पुसता पुसता निर्मलाबाईंना सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो. पाणी दोन गोष्टींचं बनतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. या दोघांचेही काही अणू नेहमीपेक्षा जास्त वजनाचे असतात. तेही साधेच अणू. त्यांतून किरणं निघत नाहीत, ते विषारी नसतात. तुमच्या घोटभर पाण्यातही ते थोडे असतातच. असे जड अणू मुद्दाम जास्त घातले की झालं खुणेचं पाणी. ते गायीच्या अंगात सोडायचं आणि तिच्या अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळू द्यायचं. मग गाय आपली चरते, पिते, मुतते, श्वास सोडते. हायड्रोजनची खूण फक्त पाण्यावाटे बाहेर जाते. ऑक्सिजनची खूण पाण्यावाटे जाते आणि शिवाय उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जाते. म्हणून ती लवकर कमी होते. दोन खुणांमधला फरक मोजला, की गायीने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून तिने अंगात किती अन्न जाळलं ते कळतं. गाय रवंथ करणारी, तिच्या पोटात आणखी एक वायू होतो, म्हणून थोडी वजावट करावी लागते. ती कोकिळा करणार होती.

सरांनी भरायच्या होत्या गोमूत्राच्या तीन छोट्या तपकिरी बाटल्या. पहिली, पाणी देण्याआधीची. दुसरी, पाणी अंगभर मिसळल्यावरची. तिसरी, आठवड्यानंतरची. गार ठेवून पाठवायच्या. गार ठेवणारा मी. बाटल्या रुंद तोंडातूनच आत जातात, मित्रांनो! निर्मलाबाईंनी कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून माझ्यात भरला, तेव्हा मी आतून कुडकुडलो की शहारलो, मला सांगता येणार नाही.

गाय होती जवळच्या निंबोला गावातल्या सुकलालची. सुकलाल हा सरांचा जुना विद्यार्थी, केळीचा शेतकरी. त्याच्या गोठ्यात एक बैलजोडी आणि एकच गाय होती, भिंगरी. तांबडी, अंगावर पांढरे ठिपके, शिंगं मागे वळलेली. त्या दिवसांत ती भाकड होती, त्यामुळे दुधाचा प्रश्न नव्हता. घरात सुकलालचं बाळ नुकतंच जन्मलं होतं, आणि सुकलालची आई रंभाबाई सगळ्या घरावर हुकूम चालवत होती.

“सर, गाईले इंजिक्शन देऊन काय पाहू राह्यले तुम्ही?” तिने विचारलं.

“ती जगायला किती खर्च करते ते बघायचं आहे, रंभाबाई.”

“ते तं मले इचारा ना! खाते भारीभर, अन् कामाले ढिम्म. अगदी सुकलालवानी!”

सुकलाल मागून म्हणाला, “माय, सरसमोर तरी इज्जत ठेव.”

सरांनी पहिली बाटली भरली. संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांनी भिंगरीच्या मानेतल्या शिरेतून खुणेचं पाणी सोडलं. रात्रभर ते अंगात मिसळलं. सर ओट्यावरच झोपले, म्हणजे नुसते आडवे झाले. उजाडताच रंभाबाईने भिंगरीच्या शेपटीखाली हळूच चोळलं आणि सरांनी दुसरी बाटली भरली. तिला बूच लावलं, दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि मला उघडून पहिलीच्या शेजारी ठेवलं. झाकण लावलं. पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा लावलं.

आता गायीचं वजन हवं होतं. गाय मोजणारा काटा निंबोल्यात कुठला? सुकलालने तोड काढली. केळीचे ट्रक जिथे तोलले जातात त्या धर्मकाट्यावर भिंगरीला न्यायचं. सर, सुकलाल आणि भिंगरी निघाले. काट्यावर पोचल्यावर मुनीमजींनी विचारलं म्हणे, “सुकलाल, यह कौन से बाग का माल है?” हे मला नंतर कळलं, कारण मी ओट्यावरच राहिलो होतो. आणि तिथेच ते घडलं.

त्या दिवशी बाळाचं बारसं होतं. गुरुजी ठरल्यापेक्षा लवकर आले.

“आजी, घरात शिंपडाले गोमूत्र आना. पटकन करा, मले पुढी जैनाबादले जायचं हाये.”

रंभाबाई भांडं घेऊन गोठ्यात गेली आणि तशीच परत आली. “भिंगरी तं काट्यावर गेली ना बाप्पा! या लोकायनं गाईले केळीचा घड समजलं.”

“दुसरी गाय?”

“दुसरी कुठून आनू? बैल हायेत दोन.”

“बैलाचं कसं चालीन, आजी!”

रंभाबाईची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. तिचा चेहरा उजळला. “थांबा, थांबा. सरनं भरूनच ठेवलं हाये की! अन् आपल्या भिंगरीचंच.”

मी झाकण घट्ट धरून पाहिलं. थर्मासच्या हातात एवढंच असतं. तिने एका झटक्यात ते फिरवलं. आत दोन बाटल्या होत्या, एक कालची, एक त्या सकाळची. तिने कालची उचलली तेव्हा मला जरा धीर आला. ती गेली असती तरी अनर्थ झाला नसता, कारण तिच्यात खूण नव्हतीच; तापीकाठचं कुठलंही साधं पाणी त्या जागी अंदाजाला चाललं असतं. पण रंभाबाईने ती बाटली कानाशी हलवली आणि परत ठेवली.

“शिळं काहाले घेऊ? देवाच्या कामाले ताजंच पाह्यजे,” ती म्हणाली, आणि दुसरी बाटली घेऊन गेली.

ज्या पाण्यासाठी कितीतरी शास्त्रज्ञांनी अर्ज केले होते, ते आंब्याच्या पानाने घरभर शिंपडलं गेलं. उंबऱ्यावर, पाळण्यावर, गुरुजींच्या उपरण्यावर. जिल्ह्यातलं ते सगळ्यात महाग गोमूत्र होतं, आणि बाळ त्यात भिजून मजेत हातपाय झाडत होतं. मला रडावं की हसावं कळेना.

रंभाबाई फार नेकीची बाई. तिने बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुतली. मग ती थबकली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्या घरातलं वळण. शेजारणीची वाटी आली तर तिच्यात चिमूटभर साखर तरी जायची. बाटलीत साखर कशी घालणार? ती देवघरात गेली. तिथे तांब्यात तापीचं पाणी भरून ठेवलेलं असे. “सरची बाटली हाये, साधं पानी कसं भरू,” असं स्वतःशी म्हणत तिने ते बाटलीत काठोकाठ भरलं, बूच लावलं, चिठ्ठी बांधली आणि बाटली माझ्या पोटात जिथल्या तिथे ठेवली. मला झाकण लावून वरून प्रेमाने थोपटलंसुद्धा.

सर परत आले. तपकिरी काचेतून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी बुचावर मेण ओतलं. आता ती बाटली थेट प्रयोगशाळेतच उघडणार होती.

पुढचा आठवडा सरांच्या जिवाला चैन पडेना. कोकिळाने तीनच बाटल्या मागितल्या होत्या. पण ‘समजा शेवटची फुटली तर? समजा मीच कुठे चुकलो असलो तर?’ असं म्हणत ते एक दिवसाआड सकाळच्या बसने निंबोल्याला जात आणि एकेक जादा बाटली भरून आणत. हे कोकिळाला कळवायची त्यांना लाज वाटे. सांगितलंय तेवढंही धड करता येत नाही म्हणून माणूस जादा करतो, असं ती म्हणेल, असं त्यांना वाटे. त्या जादा बाटल्या त्यांनी गुपचूप फ्रिजमध्ये ठेवल्या.

“अहो!” स्वयंपाकघरातून आवाज आला. “दह्याशेजारी हे काय ठेवलंय?”

“गोमूत्र आहे. पवित्र असतं.”

“पवित्र आहे तर देवघरात ठेवा. माझ्या फ्रिजमध्ये नको.”

आठवड्याने तीन बाटल्या डब्यात बर्फ घालून पार्सलने दक्षिणेला गेल्या. जादा बाटल्या माझ्या पोटात आल्या आणि मी टेबलावर आलो. मग ते निळं पत्र आलं आणि माझ्या बुडाखाली गेलं.

कोकिळाने लिहिलं होतं की तिसऱ्या बाटलीत खूण आहे, पण दुसऱ्या बाटलीत जवळजवळ नाहीच. आधी खूण नाही आणि आठवड्याने आहे, असं कसं होईल? दुसरा नमुना पाण्यासारखा स्वच्छही दिसला. तिने रागावून लिहिलं नव्हतं, विचारलं होतं. पण सरांना त्यात आपल्या सगळ्या आयुष्याचा निकाल दिसला. दुसरी बाटली नसेल तर खूण कुठून सुरू झाली ते कळत नाही, आणि सुरुवातच माहीत नसेल तर आठवड्यात किती गेली ते कसं काढणार? ते पाणी पुन्हा मिळणार नव्हतं.

त्यांनी वाचनालयात जाणं सोडलं. खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा ती पहाट आठवत.

“निर्मला, गोठ्यात तेव्हा अंधारच होता. भिंगरी समजून मी बैलाचं तर नाही ना भरलं?”

“अहो, काहीतरीच काय! एवढं तर कुणालाही कळतं!”

“मग काय झालं असेल?”

“मला काय माहीत? त्या मुलीला दोन ओळी लिहा तरी.”

“काय लिहू? जन्मात एक मोजमाप हाती आलं, तेही सांडलं, असं?” मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “आणि या जादा बाटल्या टाकून दे. आता कशाला हव्यात?”

मित्रांनो, मी त्या पत्रावर उभा होतो, आणि माझ्या आत काय आहे ते मला माहीत होतं. एवढं भरलेलं पोट आणि एवढं मुकं तोंड मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी दारात रिक्षा थांबली. रंभाबाई, सुकलाल आणि टोपडं घातलेलं बाळ आत आले. केळीची फणी आली, लाडवांचा डबा आला.

“नाव काय ठेवलं?” निर्मलाबाईंनी बाळाला घेत विचारलं.

“कागदावर विनायक,” सुकलाल म्हणाला. “घरात माय सुपडू म्हणते.”

“अन् बारसं कसं झालं माहीत हाये का, सर?” रंभाबाई मांडी घालून बसत म्हणाली. “तुमच्यामुळं झालं! ऐन टायमाले गोमूत्र नाही अन् गुरुजी दारात. मंग तुमची बाटली मले पावली. पन मी रिकामी नाही ठेवली हं. तापीमायचं पानी भरून ठेवलं तुमच्यासाठी. तुम्ही देवावर शिंपडलं ना घरी?”

मग निर्मलाबाई हसायला लागल्या. बाळ त्यांच्या मांडीवर हिंदकळायला लागलं. सुकलालने कपाळावर हात मारला. “माय, ते प्रयोगाचं होतं!”

सर उभे राहिले होते. “कोणती बाटली, रंभाबाई?”

“ताजी! शिळी कशी घेईन मी?”

“म्हणजे मी बरोबर भरली होती,” सर अगदी हळू म्हणाले. “भिंगरीचीच भरली होती.”

रंभाबाईचा चेहरा उतरला. “पन सर, त्या पान्यात औशिध होतं. पोराच्या अंगावर पडलं. त्याले काही होईन का?”

“नाही, नाही. आपल्या सगळ्यांच्या अंगात असतंच ते. याच्या अंगावर चार थेंब जास्त पडले, एवढंच.”

“तरीच गडी गुटगुटीत झाला,” ती लगेच म्हणाली. मग पुन्हा कावरीबावरी झाली. “अन् तुमचं काम? बुडालं का माझ्यापायी?”

सरांना तिला नुसतं ‘हो’ म्हणवेना. त्यांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर बसले. “हे बघा. खूण रोज कमी होते. आदल्या दिवशी जेवढी होती तिचा ठरावीक वाटा रोज जातो. विशिष्ट आलेखावर मांडली की सरळ रेघ येते, उतरत जाणारी. इथे शेवटची बाटली.” त्यांनी उजवीकडे खाली एक टिंब काढलं. “आणि इथे ती पहाटेची हवी होती. एका टिंबावरून रेघ निघत नाही. मधे काही असतं, म्हणजे इथे एक, इथे एक...” ते सवयीने टिंबं काढत गेले. काढता काढता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी त्या टिंबांवरून रेघ ओढली, उजवीकडून डावीकडे, मागे मागे, थेट पहाटेच्या रिकाम्या जागेपर्यंत.

“निर्मला,” ते म्हणाले, “त्या जादा बाटल्या. मी टाकून द्यायला सांगितल्या होत्या.”

“हो, सांगितल्या होत्या.”

“टाकल्या?”

निर्मलाबाईंनी बाळाला सुकलालकडे दिलं, टेबलाशी आल्या आणि माझं झाकण काढलं. आत बर्फ होता आणि बर्फात तपकिरी बाटल्या.

“रोज कुल्फीवाल्याकडून बर्फ आणतेय,” त्या म्हणाल्या. “टाकून दे म्हणालात खरं. पण रागात बोललेलं तुमचं मी कधी ऐकलंय?”

सरांनी माझ्या तोंडात हात घातला आणि बाटल्या आहेत की नाही ते चाचपून पाहिलं. मग ते हसले. तीस-पस्तीस वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदा ऐकलं.

मित्रांनो, निकाल काय लागला ते इथेच सांगून टाकतो. मधल्या बाटल्यांवरून कोकिळाने रेघ मागे नेली आणि ती हरवलेली सकाळ सापडली. भिंगरीचा खर्च तिच्या वजनाला तक्त्यात दिलेल्या आकड्याहून कमी निघाला. थोडक्यात भागवणारी गाय! एका गायीवरून फार काही म्हणू नये, असं सरांनीच पुढे कळवलं, म्हणून पुढे पुन्हा पाणी मिळालं तेव्हा आणखी गायी मोजल्या गेल्या आणि त्यांच्या बाटल्याही सरांनीच भरल्या, अर्थातच मागितल्यापेक्षा जास्त. तुम्हालाही आपल्या हाताची खात्री वाटत नसेल तर लाजू नका. आणखी एक बाटली भरून ठेवा. आणि कुणाच्या बाटल्यांभोवती रोज बर्फ घालावा लागत असेल तर तेवढा घाला. जुनी वस्तू असो की जुना माणूस, तेवढ्या काळजीवरच टिकतो.

त्या संध्याकाळी सरांनी उत्तर लिहिलं. ‘चि. कोकिळा, दुसऱ्या बाटलीत तापीचं पाणी होतं. त्यात कुणाची चूक नाही, ते प्रेमाने भरलेलं होतं. मधल्या दिवसांच्या काही बाटल्या मी न विचारता भरल्या होत्या, त्या थर्माससकट पाठवतो. त्याचं तोंड रुंद आहे, चहाला वापरू नकोस.’

मग आम्ही स्टेशनजवळच्या टपाल कार्यालयात गेलो. गोणपाटात शिवलेल्या मला पार्सलच्या खिडकीवर दिलं, आणि तिथून गोणपाटाच्या विणीतून मला बाहेरची लाल पेटी दिसत होती. सर पेटीसमोर पाकीट हातात धरून उभे होते. पत्ता वाचत होते.

“टाका की आता,” निर्मलाबाई म्हणाल्या.

सरांनी पाकीट फटीत सारलं आणि सोडलं. मग दोन बोटं आत घालून, ते खरंच खाली पडलं का, ते पाहिलं. पडलं होतं.